सोपाऱ्याचा दगड, अलीपूर रोडचा पाऊस आणि बोईसरची हार्डडिस्क

दरवर्षी १४ एप्रिलला बोईसर, पालघर, वाणगाव, सफाळे, डहाणू अशा ठिकठिकाणी निळे झेंडे घेऊन मिरवणुका निघतात. मिरवणूक चौकात आली की शेकडो हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या साऱ्या आयुष्यात मिळून निघाले नसतील इतके फोटो आज एका रात्रीत निघतात. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला हात लावू दिला नाही, तो समाज आज स्वतःचे चित्रीकरण स्वतः करतो आहे. ही गोष्ट लहान नाही.

पण आम्ही कार्यकर्त्यांना एक साधा प्रश्न विचारतो, आणि तो स्वतःलाही विचारतो. तुमच्या वस्तीतील २००५ सालची जयंती दाखवा. तुमचे विहार बांधले जात होते तेव्हा डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायांचा एक फोटो दाखवा. एमआयडीसीच्या गेटवर कामगार बसले होते त्या दिवसाची दोन मिनिटांची फीत दाखवा. उत्तरे ठरलेली असतात. "त्या स्टुडिओवाल्याकडे होती." "भाऊंच्या कपाटात सीडी होती, पण भाऊ गेले." "मोबाईल बदलला, त्यात गेले सगळे."

म्हणून हा लेख घरच्या किंवा विहाराच्या संगणकात फोटो-व्हिडिओसाठी जादा हार्डडिस्क बसवण्याबद्दल आहे. "हा काय चळवळीचा विषय झाला?" असे वाटत असेल तर थोडे थांबा. हा विषय आपल्या इतिहासाइतकाच जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच पालघर जिल्ह्यातून होते.

अशोकाने एकाच प्रतीवर विश्वास ठेवला नाही

वसई तालुक्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि आतून बौद्ध स्तूप बाहेर आला. लोक ज्याला कुठल्याशा राजाचा कोट समजत होते ते तथागताचे स्मारक होते. आतला करंडक आणि अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी तेथील भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला.

लक्षात घ्या, तुकडे सापडले. पूर्ण शिलालेख सोपाऱ्यात राहिला नाही. दगडही फुटतो. मग आठव्या लेखात अशोकाने काय म्हटले हे आपल्याला पूर्ण कसे माहीत आहे? पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेच्या यात्रेला जात, आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, हा मजकूर आपण आज शाळेत शिकवू शकतो तो कशामुळे?

कारण अशोकाने तोच मजकूर गिरनारला कोरला, कालसीला कोरला, धौली आणि जौगडला कोरला, येर्रगुडीला कोरला, शाहबाजगढी आणि मानसेहऱ्याला कोरला. सोपाऱ्याची प्रत फुटली तरी गिरनारची राहिली. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारेही उरले नाहीत, राज्ये बदलली, धम्म या देशातून जवळपास पुसला गेला, तरी मजकूर टिकला. आजचे संगणकवाले ज्याला बॅकअप म्हणतात ते या देशात बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर झाले होते. एकच मजकूर, अनेक प्रती, एकमेकांपासून दूर. हे सूत्र पुढच्या सगळ्या लेखात लक्षात ठेवा.

१९५६: दोन घटना

सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीने रामॅक नावाचा संगणक जाहीर केला. जगातील पहिली हार्डडिस्क त्याच्यासोबत आली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाहून मोठा आकार, सुमारे एक टन वजन, आणि क्षमता किती? ५० लाख अक्षरे. आज आपल्या मोबाईलमधला एखादा चांगला फोटोही त्यात मावणार नाही. ही पेटी भाड्याने घेणेसुद्धा फक्त मोठमोठ्या कंपन्यांना परवडत असे.

त्यानंतर महिन्याभरातच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मानवी इतिहासातील एवढी मोठी घटना, पण त्या मैदानावरील लाखोंपैकी किती जणांच्या हातात कॅमेरा होता? आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेची हलती चित्रे आज आपण पाहू शकतो ती नामदेव व्हटकर यांच्यामुळे. त्यांनी पदरमोड करून कॅमेरा उभा केला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. प्रत्येक फूट विकत घ्यावा लागतो, मग धुऊन घ्यावा लागतो. एका माणसाने खिशाला चाट लावून घेतली म्हणून तो जनसागर आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांनी तसे केले नसते तर? "किती लोक होते?" या प्रश्नावर आजही प्रस्थापितांनी आपल्याशी वाद घातला असता.

बाबासाहेब प्रत्यक्ष बोलताना आपण ऐकतो त्या प्रसिद्ध मुलाखतींपैकी दोन बीबीसीच्या आहेत, एक १९५३ची आणि एक १९५५ची. आपल्या बापाचा आवाज आपल्याला परदेशी संस्थेच्या संग्रहातून ऐकावा लागतो. त्या संस्थेने तो जपला म्हणून तिचे आभार मानू. पण स्वतःला प्रश्नही विचारू.

अलीपूर रोडवरचा पाऊस

बाबासाहेबांचे अखेरचे निवासस्थान म्हणजे दिल्लीतील २६, अलीपूर रोड. त्यांच्या पश्चात हस्तलिखिते, टिपणे, पत्रे यांचे गठ्ठे तेथेच होते. १९६७च्या जानेवारीत ती जागा रिकामी करून घेताना कागदपत्रे अंगणात टाकली गेली आणि त्यांच्यावर पाऊस पडला. जगातील एका थोर विद्वानाच्या हाताचे अक्षर दिल्लीच्या चिखलात भिजले. किती कागद गेले याचा हिशेब आता कोण देणार?

जे वाचले ते वारसांच्या वादात कोर्टकचेऱ्यांच्या आणि सरकारी ताब्यात पेट्यांमध्ये पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने साहित्य प्रकाशनासाठी समिती नेमली ती १९७६ साली. वसंत मून यांनी त्या पेट्या उघडल्या, कागद लावले, जुळवले. पहिला खंड बाहेर आला १४ एप्रिल १९७९ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर २२ वर्षांनी. पुढच्या खंडांमध्ये संपादकांना ठिकठिकाणी नोंद करावी लागली की आराखड्यात नाव असलेले प्रकरण कागदपत्रांत सापडले नाही. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती हा बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्याला अपुरा वाचावा लागतो. त्या हस्तलिखिताची दुसरी प्रत दुसऱ्या कोणाकडे असती तर?

इतके होऊनही आपण धडा घेतला का? २५ जून २०१६च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस बुलडोझर लावून पाडला गेला. लोक संतापाने रस्त्यावर आले, मोठा मोर्चा निघाला. संताप योग्यच होता. पण मोर्चा झाल्यावर किती जणांनी आपापल्या गावातील विहारात जाऊन विचारले की आपल्या कपाटातील कागदांची दुसरी प्रत कुठे आहे?

या अंधारात कल्याणच्या विजय सुरवाडे यांच्यासारखी माणसे उभी राहिली. बाबासाहेबांची छायाचित्रे, पत्रे, कागद त्यांनी वर्षानुवर्षे एकेक करून मिळवले, जपले आणि प्रसिद्ध केले. आपल्या जयंतीच्या बॅनरवर जे फोटो आपण बेधडक छापतो त्यामागे अशा माणसांची वणवण आहे. बॅनरवर मात्र त्यांच्यापेक्षा स्थानिक नेत्याचा फोटो मोठा असतो!

वाद जागेचा आणि वेळेचा असतो

काही मित्र म्हणतील की हा सगळा आठवणींचा मामला आहे. तसे नाही. हा न्यायाचा मामला आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मारली गेली. पोलिसांची गोष्ट काय होती? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. न्या. गुंडेवार आयोगाने ही गोष्ट मान्य केली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ साली दोषी धरले. टँकर कुठे होते, माणसे कुठे पडली, गोळी किती वाजता सुटली, सगळा वाद जागेचा आणि वेळेचा होता. आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर १४ वर्षे चित्रीकरण करून २०११ साली 'जयभीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण केला. चौदा वर्षांचे चित्रीकरण सांभाळून ठेवले म्हणून तो माहितीपट झाला. आपल्या मोबाईलमध्ये चौदा महिन्यांपूर्वीचे तरी काही आहे का?

दुसरे उदाहरण आपल्या चळवळीतले नाही, पण आपल्या कामाचे आहे. जालना विधानसभा मतदारसंघाची २०१४ची निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी ३ची मुदत संपल्यावर घेतला, असे त्यांचे म्हणणे होते आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचा. पण त्या सीडींसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२०च्या निकालाने देशभरासाठी नियम स्पष्ट झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. ज्यावर चित्रीकरण झाले ते मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः कोर्टात हजर करून साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते.

हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमधील एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो. तो का महत्त्वाचा? भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी करून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने २०२१ साली अहवाल दिला की त्यात बाहेरून घुसखोरी करून फाईली ठेवल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणांनी ते मान्य केलेले नाही. पण डिस्कमध्ये काय होते आणि केव्हा होते, या प्रश्नावर माणसांची आयुष्यातील वर्षे तुरुंगात गेली, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. अशा काळात आपल्या फाईलींचा ठसा आपल्या वहीत तारखेसह लिहिलेला असणे ही चैन नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. या कायद्याखालील सर्व कार्यवाहीचे चित्रीकरण करावे असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पर्यावरण परवान्याच्या जनसुनावणीचेही संपूर्ण चित्रीकरण करावे असे २००६ची अधिसूचना सांगते. म्हणजे चित्रीकरणाचे महत्त्व कायद्याला कळले आहे. ते आपल्याला कधी कळणार?

तारापूरची उठवलेली गावे

आता आपल्या दारात या. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्या गावांतील घरे, विहिरी, पारावरची बैठक, किनाऱ्यावरची वाट यांचे किती फोटो आज लोकांच्या हातात आहेत? पुनर्वसनाचा वाद होतो तेव्हा सरकारकडे नकाशा असतो, मोजणीचा कागद असतो. विस्थापितांकडे आठवण असते. कोर्टात कागद जिंकतो.

११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसे गेली. त्या रात्री प्रत्येक मोबाईलवर व्हिडिओ फिरत होते. आज मागून बघा. मिळालेच तर व्हॉट्सॲपवरून पन्नास वेळा पुढे ढकललेले धूसर तुकडे मिळतील. कोणी काढले, कुठून काढले, किती वाजता, काही कळणार नाही. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्याचा आकार दाबला जातो आणि त्यासोबतची तारीख-वेळेची माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जाते. एवढी साधी गोष्ट आपल्या कार्यकर्ता शिबिरात कोणी शिकवत नाही.

आता वाढवण बंदर येते आहे, बुलेट ट्रेन येते आहे. आज जे गाव, जी खाडी, जी वाडी आपण पाहतो ती दहा वर्षांनी तशी नसेल. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला वारल्यांवर गोळीबार झाला. तो आज महाराष्ट्राला माहीत आहे कारण गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी तारापूर एमआयडीसीत आलेल्या आणि इथे विहारे उभारलेल्या आपल्या आयाबापांचे पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही. उद्या कोणी लिहायला बसले तर त्याला सामग्री कोण देणार?

आमची चूक

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आमचे ऐका. आमच्या मंडळाकडे १ टीबीची एक बाहेरची हार्डडिस्क होती. जयंत्या, धम्म परिषदा, मोर्चे, काही म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, सगळे तिच्यात. जागा हवी म्हणून आम्ही मोबाईल आणि कॅमेऱ्याची कार्डे पुसून टाकत गेलो. "हार्डडिस्कमध्ये आहे ना" हे आमचे पालुपद होते. एके दिवशी ती टेबलावरून पडली, टिक-टिक आवाज करू लागली आणि उघडेना. डेटा काढून देणाऱ्याने जो आकडा सांगितला त्यात नवा संगणक आला असता. वर्गणी काढली, पण अर्धेच परत मिळाले. मुलाखत दिलेल्या एका आजी तोवर गेल्या होत्या. त्यांचा आवाज आमच्या हलगर्जीपणाने गेला. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

आम्ही अलीपूर रोडवरून जो धडा घ्यायला हवा होता तो घेतला नव्हता. एक प्रत म्हणजे संग्रह नव्हे.

पेटी उघडा

आता कामाचे बोलू. विहारात किंवा घरी जुना डेस्कटॉप असेल तर नवा संगणक घेण्याची गरज नाही. त्यात दुसरी डिस्क बसते आणि हे काम कोणतीही मुलगी-मुलगा अर्ध्या तासात करू शकतो.

आधी हिशेब. मोबाईलवर फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला साधारण १३० एमबी घेते. चार तासांची मिरवणूक म्हणजे ३० जीबीच्या वर. फोर-के केले तर जवळपास तिप्पट. वर्षाचे पाच-सहा मोठे कार्यक्रम, त्यात तीन-चार जणांचे चित्रीकरण, म्हणजे वर्षाला अर्धा टीबी सहज भरतो. म्हणून ४ टीबीची डिस्क घ्या. विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसेल. दुकानदाराने फसवले असे समजू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, बाजूचे झाकण उघडा. आत दोन गोष्टी पाहा. मदरबोर्डवर साटा पोर्ट रिकामा आहे का? आणि एसएमपीएसमधून आलेली साटाची चपटी पॉवर पिन मोकळी आहे का? दोन्ही असतील तर साडेतीन इंची डिस्क आणि एक साटा केबल घ्या. काही छोट्या तयार संगणकांत दुसऱ्या डिस्कची जागाच नसते, म्हणून आधी उघडून पाहा, मग दुकानात जा. हाताळण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. डिस्क चार स्क्रूंनी घट्ट बसवा. ती हलली-थरथरली की तिचे आयुष्य कमी होते.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क लगेच दिसत नाही. घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करा, जीपीटी निवडा. एमबीआर निवडले तर २ टीबीच्या पुढची जागा वाया जाते. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम करून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. इथे एकच गोष्ट दहा वेळा तपासा: जुनी डिस्क फॉरमॅट होत नाही ना. दोन्हींचा आकार वेगळा असतो, त्यावरून ओळखा.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. बोईसर-तारापूरच्या हवेत समुद्राचे मीठ आहे आणि कारखान्यांचा धूर आहे. गंधकयुक्त वायू तांबे-चांदीला खातात, म्हणजे संगणकाच्या सर्किटलाही खातात. वर पावसाळ्यात दमट हवा आणि विजेचा लपंडाव. म्हणून संगणक खिडकीत ठेवू नका, अर्थिंग तपासून घ्या, यूपीएस लावा. कपाटात ठेवायची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि दर काही महिन्यांनी जोडून चालवून पाहा.

तीन प्रती, तीन हात

डिस्क बसवली की निम्मे काम झाले. हार्डडिस्क हे फिरते यंत्र आहे, ते कधीतरी बंद पडणारच. हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीच्या आकडेवारीत वर्षाला दर शंभरांत एक-दोन डिस्क बंद पडतात. आपली त्यात नसेल कशावरून?

पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने सांगितलेला नियम जगभर वापरला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आम्ही याला सोपाऱ्याचा नियम म्हणतो. एक प्रत बोईसरच्या विहारातील संगणकात. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, पालघर किंवा डहाणूच्या कार्यकर्त्याच्या घरी. तिसरी जिल्ह्याबाहेर, कल्याण-नाशिकच्या नातेवाईकाकडे किंवा पासवर्ड लावून क्लाऊडवर. आग लागो, पूर येवो, छापा पडो, गटबाजीत कपाटाला कुलूप लागो, मजकूर राहिला पाहिजे. हो, गटबाजीही लिहितो आहोत. आपल्या चळवळीचे किती कागद शत्रूने नाही, तर फुटलेल्या गटाने दाबून ठेवले हे सगळ्यांना माहीत आहे.

दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. गंभीर घटनेचे चित्रीकरण असेल तर मूळ मोबाईल किंवा कार्ड तसेच जपा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, तिने फाईलचा एसएचए-२५६ ठसा काढून तारखेसह वहीत लिहा. प्रत्येक फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव, कार्यक्रम आणि चित्रीकरण करणाऱ्याचे नाव द्या.

आणि फोटोतील माणसांची नावे लिहा. हे काम कोणतेही यंत्र करणार नाही. रविवारी वंदना झाली की विहारात जुने फोटो पडद्यावर लावा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. नेत्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. मागच्या रांगेतील बाईचे नाव तिच्या सोबतिणीलाच माहीत असते आणि त्या सोबतिणी आता ऐंशीच्या पुढे आहेत.

एक मर्यादाही पाळा. जपणे वेगळे, पसरवणे वेगळे. अत्याचारपीडित स्त्री किंवा बालकाची ओळख उघड करणे गुन्हा आहे आणि त्याआधी ते अमानुष आहे. अशा फाईली कुलपात ठेवा, व्हॉट्सॲपवर नाही.

"फेसबुकवर आहे की!"

काही तरुण म्हणतात, आम्ही लाईव्ह केले होते, यूट्यूबवर टाकले आहे. मित्रांनो, ती जागा तुमची नाही. खाते बंद झाले, तक्रार पडली, धोरण बदलले की सगळे गेले. गुगल फोटोजने अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा कोणी आपल्याला विचारले होते का? भाडेकरूच्या सामानाचे काय होते ते १९६७ साली अलीपूर रोडवर आपण पाहिले आहे.

काही ज्येष्ठ म्हणतात, माणसे मरत आहेत, बेरोजगारी आहे, आणि तुम्हाला हार्डडिस्क सुचते? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की माणूस मेला याचा पुरावा त्याच डिस्कमध्ये असतो. आणि जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो त्याच्या लहानशा भागात या तिन्ही प्रती होतात. पैशाचा प्रश्न नाही. आपण आपल्या इतिहासाला किती किंमत देतो हा प्रश्न आहे.

म्हणून आमचे आवाहन आहे. येत्या ६ डिसेंबरपर्यंत पालघर जिल्ह्यातील प्रत्येक विहाराने एक संगणक नक्की करावा, त्यात एक डिस्क बसवावी आणि जबाबदार म्हणून दोन माणसांची नावे फळ्यावर लिहावीत, त्यात एक तरी मुलगी असावी. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक संपली की घरी जाण्याआधी सगळ्यांनी आपापले चित्रीकरण तिथे उतरवावे. आणि १५ तारखेला त्याची दुसरी प्रत गावाबाहेर गेलेली असावी.

सोपाऱ्याचा दगड फुटला, पण गिरनारचा होता. बोईसरची डिस्क बंद पडेल त्या दिवशी डहाणूची सुरू असली पाहिजे.

जयभीम!